तिसरा रेझोनन्स

कोपर, डोंबिवली (प.)
९ सप्टेंबर १९९०

प्रिय मधू,

आत्या बरी आहे, असं लिहून सुरुवात करणार होते. मग वाटलं, तू तिचा मुलगा आहेस, तुला खरं कळायला हवं. मागच्या आठवड्यात तिने दूध तापत ठेवलं आणि ती देवळात निघून गेली. खालच्या रमाबाईंना करपल्याचा वास आला, म्हणून त्यांनी वर जाऊन गॅस बंद केला. दाराला कुलूप नव्हतं, हे त्यातल्या त्यात नशीब. आत्या परत आल्यावर म्हणाली, “दूध मी ठेवलंच नव्हतं. रमाबाई हल्ली फार विसराळू झाल्यात.” जिने निम्म्या नौपाड्याला भूमिती शिकवली, तिच्या तोंडून हे ऐकायचं.

म्हणून हल्ली मी कॉलेज सुटलं की दिवसाआड ठाण्याला उतरते, तिचं रात्रीचं जेवण करून, औषधं काढून ठेवून मग डोंबिवलीला येते. ह्यांची फॅक्टरीतली पाळी सांभाळून घरचं बघायचं आणि उरलेल्या वेळात थिसिस. उरलेला वेळ म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

पण परवा मजा झाली. पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, “अगं, तू आणि मधू नक्की करता तरी काय?”

मी म्हटलं, “प्रोटॉनवर प्रकाशाचा कण आदळवायचा. जोर पुरेसा असेल तर दोन नवे कण बाहेर पडतात. एक केऑन, एक लॅम्डा. लॅम्डा हा प्रोटॉनचाच जरा जड भाऊबंद. त्या घराण्याला हायपेरॉन म्हणतात, त्यातला हा सगळ्यांत हलका.”

“मग शोधायचं काय राहिलं?”

“मधे काय होतं ते. प्रकाश गिळून प्रोटॉन क्षणभर थरथरतो आणि मग फुटतो. त्या थरथरत्या अवस्थांना अनुनाद म्हणतात, आम्ही आपलं रेझोनन्स म्हणतो. त्या बऱ्याच आहेत, एकमेकींत मिसळलेल्या. त्यांपैकी कोणत्या खरोखर हातभार लावतात, ते मला ठरवायचंय.”

“त्या दिसत नाहीत?”

“नाहीत. शेवटी निघालेले दोन कण तेवढे दिसतात.”

आत्याने लाटणं थांबवलं. म्हणाली, “म्हणजे पेपरात उत्तर आहे, पायऱ्या नाहीत.”

मधू, इतक्या वर्षांत माझा विषय कोणी इतक्या थोडक्यात सांगितला नव्हता. आणि अर्ध्या तासाने तिने मला विचारलं, आज जेवण झालं का आपलं.

आता कामाचं. दोन रेझोनन्स घेतले तर जगात आजवर मोजलेले सगळे आकडे माझ्या रेघेवर बसतात. तिसरा घेतला, १७२० वस्तुमानाचा, तरीही बसतात. कण किती निघतात एवढ्यावरून निकाल लागत नाही. लॅम्डाचं पोलरायझेशन, म्हणजे त्याची फिरकी कुठल्या बाजूला झुकते, ते नीट मोजलं तरच लागेल, कारण तिथे दोन्ही रेघा उलट दिशांना जातात. तुमच्या मशीनवर ते मोजणार आहात असं तू मागे म्हणाला होतास. कधी?

तुझी,
हेमा


जर्मनी
२१ ऑक्टोबर १९९०

प्रिय हेमा,

तुझं पत्र आल्यावर घाबरून रमाबाईंकडे फोन केला. आई आली आणि ठणठणीत बोलली. थंडी पडली का, डाळ मिळते का, मफलर वापरतोस का. तू जरा जास्तच काळजी करतेस असं वाटलं. गॅस कोण विसरत नाही? मीच इथे दोनदा किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलंय.

मोजणारच आहोत. मी सध्या त्याच डिटेक्टरच्या तारा ओवतो आहे, हजारो, केसाहून बारीक. प्रयोग करणारा माणूस म्हणजे शिंपी, हे तुम्हा कागदवाल्यांना कधी कळायचं नाही. पण तू म्हणतेस ते अगदी बरोबर आहे. रेझोनन्स नसतेच तर पोलरायझेशन शून्य आलं असतं. म्हणजे जे काही मिळेल ती त्यांचीच खूण. शिवाय लॅम्डा स्वतःच फुटून आपली फिरकी सांगून जातो, त्यातून निघालेला प्रोटॉन कुठल्या बाजूला जास्त जातो ते मोजलं की झालं.

वर्षभर धीर धर. तिसरा टाकूही नकोस, ठेवूही नकोस. आईकडे जातेस त्याबद्दल काय लिहू? आभार मानले तर तू रागावशील.

तुझा,
मधू


कोपर
३ मार्च १९९१

प्रिय मधू,

आभार मान, रागावणार नाही.

फोनबद्दल सांगते, म्हणजे तुझा गैरसमज जाईल. तुझा फोन येतो म्हटलं की आत्या पातळ नीट करते, केसांवरून हात फिरवते. खाली जाताना जिन्यात पुटपुटते, “थंडी, डाळ, मफलर.” परीक्षेला जाणाऱ्या मुलीसारखी. तेवढा वेळ ती अगदी बिनचूक असते. गेल्या वेळी रिसीव्हर ठेवला आणि वर येताना मला म्हणाली, “बोलायला गोड होता. कोण ग तो?”

तुला लिहावं की नाही ते बराच काळ ठरत नव्हतं.

कॉलेजात एक कॉम्प्युटर आलाय, त्याला स्वतंत्र खोली आणि पंखा आहे. आम्हाला स्टाफरूममध्ये पंखा नाही. त्यावर दोन्ही गणितं पुन्हा चालवली. जुळणी सारखीच. मात्र एक गोष्ट खटकते. दोनच रेझोनन्स घेतले तर केऑन आणि लॅम्डा यांना प्रोटॉनशी जोडणारा मूळचा स्थिरांक इतका लहान येतो की बाकीच्या सगळ्या प्रयोगांशी त्याचं भांडण होतं. तिसरा घेतला की तो जागेवर येतो. त्र्यंबकसरांना दाखवलं. गाइड म्हणून ते चांगले आहेत, वाचतात तरी. चष्मा पुसत म्हणाले, “बाई, ठिगळं लावली की कुठलंही कापड पुरतं. साधं ठेवा. दोन पुरे.”

त्यांचंही चूक नाही. म्हणूनच दमायला होतं. कुणी तरी साफ चूक असतं तर बरं झालं असतं.

हेमा


जर्मनी
१७ नोव्हेंबर १९९१

प्रिय हेमा,

उशीर झाला. इथे चुंबकाने दगा दिला, सगळं वेळापत्रक पुढे गेलं. पोलरायझेशन आता पुढच्या वर्षी.

फोनचं वाचून मी बरेच दिवस फोन केला नाही. मग वाटलं, ती वाट बघत असेल. मग वाटलं, कोणाची?

एक सुचवतो, चिडू नकोस. माझ्या इथल्या एका मित्राची काकू माजिवड्याच्या पुढे एका वृद्धाश्रमात आहे. स्वच्छ आहे म्हणे, डॉक्टर येतात. एकदा आईला घेऊन बघून येशील? तुझ्यावरचा भार तरी उतरेल. मी डिसेंबरात यायचं म्हणत होतो, पण चुंबक दुरुस्त झाला की आम्हाला पाळ्या लागतील आणि माझा करार दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. पाळी चुकवणाऱ्याचा करार आधी संपतो.

मधू


कोपर
१२ जानेवारी १९९२

प्रिय मधू,

जाऊन आलो. तुझ्या मित्राने सांगितलं ते खरं आहे, जागा स्वच्छ आहे. ओळीने खाटा, प्रत्येकीशेजारी स्टूल, बाहेर कण्हेर. तिथल्या बाई भल्या वाटल्या.

आत्याला वाटलं आपण शाळा तपासायला आलोय. तिने विचारलं, “पट किती?” त्या बाईंना आधी कळेना, मग म्हणाल्या, “अठ्ठावीस.” “गैरहजर?” “कोणी नाही.” आत्या खूश झाली. प्रत्येक खाटेपाशी थांबून नाव विचारलं. एका आजींनी उत्तर दिलं नाही, तर त्यांच्या पाठीवर थोपटून म्हणाली, “सावकाश आठव. घाई नाही.”

मी मनात हिशोब मांडला होता. फॉर्म घ्यायचा, तुला कळवायचं, पुढच्या महिन्यात हलवायचं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटत होतं. फाटकापाशी रिक्षाची वाट बघताना तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, “शाळा बरी आहे. पण हेमा, मला इथे बदली नको.”

तिला कळलं होतं की नव्हतं, मला अजून सांगता येत नाही. मी फॉर्म घेतला नाही.

त्याऐवजी जनीला विचारलं. चेंदणी कोळीवाड्यातली, आपल्याकडे वर्षानुवर्षं बोंबील आणणारी जनी. सकाळी बाजार उरकून ती दुपारपासून आत्याजवळ बसते. मी अवघडत विचारलं तर म्हणाली, “माज्या दोनी पोरी बाईंनी शिकवल्या. मी नाय बसनार तं कोन बसंल? तुमचा भाव कदी येल तेवरा सांगा.”

कधी येशील तेवढं सांग. माझ्या रजिस्ट्रेशनची मुदत या वर्षाअखेर संपते, मुदतवाढ एकदा घेऊन झाली आहे.

हेमा


जर्मनी
५ जुलै १९९२

प्रिय हेमा,

चुंबक चालला, मोजमाप झालं. पोलरायझेशनचे पहिले बिंदू आमच्याकडे आले आहेत. गटाचा नियम असा, की छापून येईपर्यंत बाहेर कुणाला अक्षर सांगायचं नाही, अगदी घरच्यांनाही नाही. अजून तपासण्या चालू आहेत, आकडे बदलूही शकतात.

म्हणून एवढंच लिहितो: घाई करू नकोस. सर म्हणतात म्हणून काही खोडू नकोस. जरा थांब.

आईला माझा नमस्कार सांग. जनीला पण.

मधू


कोपर
२ ऑगस्ट १९९२

मधू,

तुझ्या प्रत्येक पत्रात मला दोन कामं असतात. एक थांबायचं आणि दुसरं नौपाड्याला जायचं. हल्ली वाटायला लागलंय, ही दोन्ही एकच काम आहे. मी थांबले की नौपाड्याला जायला कोणीतरी असतं.

तू हे ठरवून करतोस असं मी म्हणत नाही. पण माझी मुदत डिसेंबरला संपते हे मी तुला लिहिलं होतं. त्यावर तू लिहितोस, घाई करू नकोस. आकडे तुझ्यासमोर टेबलावर आहेत आणि मला म्हणतोस, जरा थांब. परवा त्र्यंबकसर म्हणाले, “बाई, तिसरा काढा आणि मोकळ्या व्हा.” मोकळ्या व्हा! मला तिथेच रडू आलं. ते बिचारे घाबरले, शिपायाला पाणी आणायला पाठवलं.

काल आत्याने मला मारलं. आंघोळीला चल म्हटलं तर हातातला तांब्या फेकला. कपाळाला लागला, फार नाही. नंतर तिनेच हळद लावली आणि विचारलं, “कुठे धडपडलीस?” कॉलेजात मी सांगितलं, फळीवरून डबा पडला.

मला आता तुझं पोलरायझेशन नको. मी दोन रेझोनन्सवर थिसिस देऊन टाकते. आणि दिवाळीनंतर मी नौपाड्याला जाणार नाही. तिचं काय करायचं ते तिच्या मुलाने ठरवावं.

हेमा


जर्मनी
६ डिसेंबर १९९२

प्रिय हेमा,

तुझ्या ऑगस्टच्या पत्राला उत्तर लिहिण्यापेक्षा तिकीट काढणं सोपं होतं, म्हणून दिवाळीला तसाच येऊन धडकलो. समोरासमोर आपण कामाचंच बोललो. ती काय खाते, काय खात नाही, औषध कशात मिसळायचं. राहिलेलं आता लिहितो.

पहिल्या दिवशी तू कॉलेजात होतीस. जनीने दार उघडलं. आई खुर्चीत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “या, टेलिफोनवाले ना? आमचा नंबर लागला वाटतं!”

जनी बोलायला गेली, मी तिला खुणेनेच थांबवलं. म्हटलं, “हो, लवकरच लागेल.”

आईने माझ्यासाठी जनीला चहा करायला लावला. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “जरा बघा ना लवकर होतंय का. माझा मुलगा परदेशात असतो. दुसऱ्यांच्या घरात उभं राहून त्याच्याशी नीट बोलता येत नाही हो.”

मी चहा प्यायलो. कप धुऊन ठेवला. गॅलरीत गेलो आणि बराच वेळ खालच्या रिक्षा बघत राहिलो.

चार-पाच दिवसांनी सकाळी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून तिने मला “मधू” अशी हाक मारून झापलं. त्या दिवशी दुपारपर्यंत मी मधू होतो. मग पुन्हा टेलिफोनवाला.

दुसरी गोष्ट आपल्या दोघांची. भाऊबीजेला तू थिसिसचे कागद घेऊन आलीस आणि तिसऱ्या रेझोनन्सचं प्रकरण बाजूला काढलेलं मला दाखवलंस. मला राहवलं नाही. म्हटलं, “हेमा, आकडे नाही सांगत. फक्त चिन्ह सांगतो. धन की ऋण.”

“नको.”

“कुणालाही कळणार नाही.”

“मला कळेल ना. मग ते तुझं उत्तर होईल, मी नुसतं उतरवून काढलेलं.”

“अगं, मुदत संपतेय. हा काय हट्टाचा वेळ आहे?”

तेव्हा तू जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणालीस, “मधू, दिवसभरात मी जे काही करते ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. एवढं एक मला ठरवू दे. चुकलं तरी चालेल.”

मग तू ते बाजूला काढलेले कागद पुन्हा आत घातलेस, की बाहेरच ठेवलेस? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं असतं.

मधू


कोपर
२० जून १९९३

प्रिय मधू,

आत घातले.

त्र्यंबकसरांशी तासभर वाद झाला. मी म्हटलं, “सर, दोन घेऊन रेघ सुंदर येते, पण स्थिरांक पटत नाही. मला पटत नाही ते मी सही करून कसं देऊ?” ते म्हणाले, “तुमच्या रेघेने सांगितलेलं पोलरायझेशन उद्या प्रयोगात उलटं आलं तर?” मी म्हटलं, “तर थिसिसमध्ये चूक आहे असं होईल.” ते हसले. म्हणाले, “फार दमलेल्या दिसता. दमलेली माणसं एक तर पटकन ऐकतात, नाही तर अजिबात ऐकत नाहीत.” आणि सही केली.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न लावून धरला: तिसरा कशाला? मी सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही. पेढे वाटले. आत्याला म्हटलं, “मी डॉक्टर झाले.” तिने जीभ बाहेर काढून दाखवली.

दिवाळीनंतर जाणार नाही असं मी लिहिलं होतं. जातेच आहे. तू होतास तेवढे दिवस मी दुपारी झोपले, तेवढ्यावर अजून निभतंय. हे मोठेपण म्हणून लिहीत नाही. न जाण्यासाठीही ताकद लागते, आणि ती सध्या नाही.

तुझे आकडे कधी छापून येणार?

हेमा


जर्मनी
१३ फेब्रुवारी १९९४

प्रिय हेमा,

छापून आले. आता बोलतो.

मागच्या कोनांत, म्हणजे केऑन उलटा फिरून येतो तिथे, पोलरायझेशन तुझ्या तिसऱ्या रेझोनन्सच्या बाजूने आहे. चिन्हही तेच, आणि आकारही जवळपास तोच. दोनवाली रेघ तिथे शून्याच्या पलीकडे, उलट्या बाजूला आहे. ती गेली. पुढच्या कोनांत मात्र तुझीही रेघ आमच्या बिंदूंमधून जात नाही. बरीच दूर राहते. अर्धं बरोबर, अर्धं चूक. खोटं गोड लिहिणार नाही.

तुझ्या थिसिसची प्रत मी आमच्या गटप्रमुखांना, म्हणजे म्हातारबाबांना, दिली होती, तोंडी परीक्षेनंतर, लपवून नाही. त्यांनी ती वाचली. त्यांचा प्रश्न असा, की ह्या बाई इथे येऊन नव्या आकड्यांवर पुढची जुळणी करतील का? तीन महिने, सप्टेंबरपासून. येण्याजाण्याचं आणि राहण्याचं ते बघतील.

तू काय लिहिशील ते मला माहीत आहे. “आत्याचं कोण बघणार?” म्हणून तेही आत्ताच सांगतो. माझा करार जूनमध्ये संपतो. या वेळी वाढणार नाही. माझ्याहून तरुण आणि स्वस्त मुलं आली आहेत, चांगली आहेत. दुसरीकडे अर्ज करता येतील, पण मी केलेले नाहीत. मी नौपाड्याला येतो. तू ये इथे.

मधू


जर्मनी
२५ सप्टेंबर १९९४

प्रिय मधू,

पोचले, त्याला तीन आठवडे झाले. पहिल्या शनिवारी मी झोपले ती रविवारी दुपारी उठले. घरमालकीण दार वाजवून गेली होती म्हणे.

विमानतळावर बॅग माझ्या हातात देताना हे म्हणाले, “वरण-भात मला येतो. बाकीचं शिकेन.” एवढंच. मला अजून त्यांचं ते बोलणं आठवत राहतं.

तुझी जुनी खुर्ची मला मिळाली आहे. तिचं एक चाक अडतं, हे तू सांगायला हवं होतंस. तुझ्या तारा बघितल्या. शिंप्याचं काम सुंदर आहे.

म्हातारबाबांनी विचारलं, तिसरा ठेवायचं धाडस कसं केलंत? मी म्हटलं, धाडस कसलं, एक आकडा वेडावाकडा येत होता आणि मला तो बघवत नव्हता. ते मान हलवत राहिले. मग त्यांनी नवे बिंदू माझ्या रेघेवर ठेवून दाखवले. छापलेलं मी आधीच पाहिलं होतं, तरी त्या मोठ्या कागदावर मागच्या कोनांतले ते बिंदू माझ्या रेघेवर ओळीने बसलेले बघून मी उठले आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. पुढच्या कोनांकडे दुसऱ्या दिवशी बघितलं. तिथे बहुतेक आणखी एखादा रेझोनन्स लपलाय, किंवा मी दुसरंच काहीतरी विसरतेय. अजून कळत नाही.

आता जे लिहायला पत्र घेतलं ते. त्यांना वाटतं, लॅम्डा झाला तसा सिग्मा, म्हणजे त्याच हायपेरॉन घराण्यातला त्याहून जड कण, तोही करावा. तिथे प्रोटॉनच्या रेझोनन्सच्या जोडीला डेल्टा नावाचं दुसरं घराणंही येतं, गुंता दुप्पट, पण कुठला किती हातभार लावतो ते दोन्हीकडून तपासता येईल. म्हणजे मला मार्चपर्यंत राहावं लागेल. कॉलेजची बिनपगारी रजा मिळते, ह्यांना विचारलंय. तुला विचारायला जीभ रेटत नाही. तिथे काय असतं ते मला माहीत आहे. नाही म्हण, मी डिसेंबरात येते. मनापासून सांगते, नाही म्हटलंस तर राग येणार नाही.

आत्या कशी आहे? खरं लिही.

हेमा


नौपाडा, ठाणे
३० ऑक्टोबर १९९४

प्रिय हेमा,

खरं लिहितो.

गेल्या सोमवारी मी आंघोळीला गेलो, जनी यायची होती, तेवढ्यात आई दार उघडून निघून गेली. मी तसाच ओल्या केसांनी खाली उतरलो. रमाबाईंनी पाहिलं नव्हतं. देवळात नव्हती, तलावपाळीला नव्हती. मी रिक्षा केली आणि माजिवड्याच्या नाक्यापर्यंत, त्या वृद्धाश्रमाच्या वाटेवर, जाऊन आलो. काय समजून तिकडे गेलो, मला सांगता येणार नाही. हायवेवरून ट्रक चालले होते आणि मी रिक्षावाल्याला म्हणत होतो, अंगात निळं पातळ आहे, उंची एवढी आहे. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही आधी शांत बसा.”

ती तिच्या जुन्या शाळेत सापडली. फाटकाशी काळुराम वॉचमनने तिला आपल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि स्वतः उभा होता. मला म्हणाला, “बाई आत जायला तयार नाहीत. घंटा झाली नाही म्हणतात.” मी शेजारी दगडावर बसलो. घंटा झाली तेव्हा आई उठली, फाटकाकडे बघून मान हलवली आणि माझ्याबरोबर घरी आली. घरी येऊन भात खाल्ला, जनीच्या हातचं कालवणही. जनी मला म्हणाली, “पोऱ्या, आता दाराला वरती कडी लाव. रडतंस कशाला, घावली ना म्हातारी?” मी रडत होतो हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी गोखले रोडला एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवतो, तेवढा वेळ जनी थांबते. मुलं हुशार आहेत. एकाने विचारलं, सर जर्मनी सोडून इथे कसे? मी म्हटलं, करार संपला. हेही खरंच आहे.

मार्चपर्यंत राहा. उपकार म्हणून म्हणत नाही. मी दमलो आहे, पार दमलो आहे, आणि तू आलीस तर मला बरंच वाटेल. पण तू डिसेंबरात आलीस म्हणून माझं दमणं अर्धं होणार नाही, आपण दोघं दमू एवढंच. त्यापेक्षा एकाने तरी सिग्मा करावा. पुढच्या कोनांचं मला सुचतंय ते असं: प्रोटॉन न थरथरता केऑनची थेट देवाणघेवाण होते तो भाग तू फार साधा धरला आहेस, तिथे आधी बघ, नवा रेझोनन्स शेवटी घाल. त्र्यंबकसर हेच म्हणाले असते.

आणि पत्रं थोडक्यात लिही. तुझी चार पानं वाचून होईपर्यंत आई तीनदा उठते, मग पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. आत्ताही उठली आहे. हेमा, हेमा, म्हणून मला हाका मारते आहे.

जातो.

मधू